अहिरराव सिस्टरांचे वाकडे प्रश्न

"परवा रात्री भाजी कोणती केली होतीस?"

मूल इतक्यात नको म्हणून सल्ला घ्यायला आलेल्या बाईला अहिरराव सिस्टर पहिला प्रश्न हा विचारायच्या. बाई बिचारी गोंधळून माझ्याकडे बघायची. मी डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप घालून टेबलामागे बसलेली, पण सुरुवातीला मलाही या प्रश्नाचा अर्थ लागत नसे. बाई आठवू लागायची. "परवा... गिलकी. नाही, गिलकी काल झाली. परवा मेथी असेल. की खिचडी टाकली होती?" सिस्टर केसपेपरच्या कोपऱ्यात बारीकशी फुली मारायच्या आणि मला म्हणायच्या, "मॅडम, रोजच्या गोळीचं हिला सगळ्यात शेवटी सांगू."

मी तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून नाशकात, इंदिरानगरातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात लागले होते. एका बँकेच्या डोक्यावर आमच्या चार खोल्या होत्या. एकीत मी, एकीत औषधं, एकीत तपासणीचं टेबल आणि उरलेल्या एकीत लांबलचक बाक. पहिल्याच दिवशी एका बाईला मी सगळ्या साधनांची माहिती दिली होती. तक्ता दाखवला, फायदे सांगितले, तोटे सांगितले, घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. बाईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग तुम्ही म्हणाल ते."

ती गेल्यावर सिस्टर माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाल्या, "छान वाचलंत मॅडम. आता उद्यापासून थोडं विचारू या."

त्यांचं पूर्ण नाव कमल अहिरराव. गाव बागलाणातलं नामपूर. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, अंबाड्यात बॉलपेन खोचलेल्या. पांढऱ्या कोटाखाली कायम गडद साडी, कारण त्यांच्या मते फिकट साडी नेसणाऱ्या नर्सला अर्धा दिवस डागांची काळजी पडते. कळवण-सटाण्याकडची बाई आली की त्यांची भाषा दारातच बदलून अहिराणी व्हायची. "बठ माय, काय नाव शे तुनं?" एवढं ऐकलं की बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं. माझ्याशी मात्र त्या अगदी छापील शहरी मराठी बोलायच्या. मला त्यात थोडी चेष्टा आहे असा संशय होता, पण तो कधी सिद्ध करता आला नाही.

त्यांचे प्रश्न सगळे असेच वाकडे. घरात कपाट किती? कुलूप लागतं का? किल्ली कोणाकडे? तुझा मोबाईल अजून कोण उघडतं? नवरा रोज घरी येतो की ट्रकवर असतो? सुईला घाबरतेस का? पाळी आली की घरात कोणाकोणाला कळतं? बाहेरच्या कोणाला वाटलं असतं, ही बाई चौकशा करतेय. मला सहा महिने लागले कळायला की यातला एकही प्रश्न वायफळ नव्हता. ज्या घरात कपाट एक आणि किल्ली नणंदेच्या कमरेला, तिथं गोळ्यांचं पाकीट ठेवायचं कुठं? जिचा नवरा महिन्यातले तीन आठवडे ट्रकवर, तिनं रोज गोळी का खावी? आणि तो रस्त्यावर काय करतो याची खात्री नसेल, तर तिला निरोधबद्दल दोन गोष्टी जास्तच सांगायला हव्यात.

त्यांच्यात दोष एकच होता. त्यांना हळू बोलता येत नसे. त्या कुजबुजल्या तरी बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाला ऐकू जायचं. पण बाईची गोष्ट बाईजवळच राहिली पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष. यातून त्यांनी वाट काढली होती ती सांकेतिक शब्दांची. रोजची गोळी म्हणजे 'रतीब'. आठवड्याची गोळी म्हणजे 'आठवडी बाजार'. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन म्हणजे 'तिमाही'. निरोध म्हणजे 'लिफाफे'. आणि गर्भाशयात बसवायची तांबी, कॉपर-टी, म्हणजे 'भाडेकरू'. त्या दारातून खणखणीत आवाजात मला विचारायच्या, "मॅडम, कालच्या ताईंना भाडेकरूचा थोडा त्रास होतोय. बघता का?" एकदा बाकावर बसलेल्या एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की दवाखाना खोल्याही देतो का, त्यांच्या पुतण्याला हवी होती.

वृंदा आमच्याकडे आली ती पंचवटीतून. तिच्या घरी भिक्षुकी. सासरे आणि नवरा गोदाघाटावर यजमानांचे विधी करायचे आणि लांबून आलेले यजमान त्यांच्याच घरी जेवायचे. रोज पंधरा-वीस पानं. वृंदाला एक वर्षाची मुलगी होती आणि इतक्यात दुसरं नको होतं. घरात हे कोणाला कळायलाही नको होतं. मी मनात लगेच निर्णय घेतला. तिमाही. सुई टोचली की तीन महिने निश्चिंत, लपवायची भानगड नाही.

सिस्टरांनी विचारलं, "घरात शिवाशिव पाळतात?"

"हो. चार दिवस बाजूला बसावं लागतं. मागच्या खोलीत."

"स्वयंपाक?"

"तेव्हा सासूबाई एकट्या करतात."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तिमाहीनं पाळीचं काय होतं ते तुम्हीच सांगा हिला."

मी सांगितलं. सुरुवातीला कधी मधेच डाग, कधी आठ-पंधरा दिवस थोडं थोडं, पुढे काहींची पाळी थांबतेच. त्यानं अपाय नसतो, पण तारखांचा भरवसा राहत नाही. बोलता बोलताच माझ्या डोळ्यांसमोर वृंदा उभी राहिली. सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी मागच्या खोलीत, संध्याकाळी पुन्हा आत, आणि पंधरा पानं खोळंबलेली.

"आठवड्यात सगळ्या पंचवटीला कळेल," वृंदा म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

"परवा भाजी कोणती होती?" सिस्टरांनी विचारलं.

"परवा एकादशी. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. त्याच्या आदल्या दिवशी अळूचं फदफदं, आणि त्याच्या..."

"पुरे. रतीब लावा मॅडम हिला."

मी तिचा रक्तदाब बघितला, बाकीची चौकशी केली, मूल अंगावर पितं का विचारलं. ते सुटलं होतं. रोजच्या गोळीनं पाळी ठरल्या दिवशी येते, तारीख आधी कळते, हे तिला फारच पटलं. पाकीट ठेवायला तिनं स्वतःच जागा शोधली, हळदीकुंकवाच्या जुन्या वाणांचा डबा. तो म्हणे वर्षभर कोणी उघडत नाही.

चार महिन्यांनी एक बाई आल्या. वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस, नऊवारी नेटकी, बोलणं मोजून मापून. नाव उषाताई. खुर्चीत बसून त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्या घरी एका डब्यात तुमच्या दवाखान्याचं पाकीट सापडलं. ते कोणाचं हे विचारायचं नाही असं मी ठरवलंय."

"बरं केलंत," सिस्टर म्हणाल्या.

"मला एवढंच विचारायचं होतं," उषाताईंचा आवाज जरा खाली आला, "की माझ्या वयाला ते चालतं का?"

मला हसू आवरेना म्हणून मी रक्तदाबाचं यंत्र शोधायला खाली वाकले. सिस्टरांचा चेहरा मात्र दगडासारखा. त्यांनी उषाताईंना सगळे प्रश्न विचारले. रक्तदाब वाढलेला निघाला, त्यामुळे ती गोळी त्यांना योग्य नव्हती. मी तांबीचं सांगितलं. दहा वर्षं बघायला नको, पण पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं, चाराचे सहा दिवस होऊ शकतात.

उषाताईंनी विचारलं, "सहा दिवस बाजूला बसावं लागेल?"

"तुमच्या घरातला नियम तोच असेल तर."

"असू दे," त्या म्हणाल्या. "तेवढीच पाठ टेकेल."

पुढे सिस्टर या दोघींच्या तारखा फार जपून द्यायच्या. एकीला मंगळवार, दुसरीला शुक्रवार. तरी एकदा वृंदाची मुलगी आजारी पडली, तिचा वार चुकला आणि सासू-सून एकाच बाकावर येऊन बसल्या. मी दारातून बघत होते.

"तू इथं कशी?" उषाताईंनी विचारलं.

"बीपी दाखवायला आले. तुम्ही?"

"मीही बीपीच."

सिस्टर यंत्र घेऊन बाहेर आल्या. बाकावरच दोघींचा रक्तदाब एकापाठोपाठ एक मोजला, कागदावर लिहिला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उत्तम. दोघींचा आटोक्यात आहे. घरात शांतता दिसते." मग उषाताईंना माझ्याकडे 'डोळे तपासायला' पाठवलं आणि वृंदाला औषधांच्या खोलीत 'लोहाच्या गोळ्या' घ्यायला नेलं. काम झाल्यावर दोघी एकाच रिक्षानं पंचवटीला गेल्या.

"सिस्टर, त्यांनी एकमेकींना सांगून टाकलं तर किती सोपं होईल," मी म्हणाले.

"त्यांना माहितीय मॅडम. फक्त समोरचीला माहीत नाही असं धरून चालायचं, हे त्यांचं ठरलंय. चांगलं चाललंय ते. आपण कशाला मधे पडायचं?"

पुरुष आमच्याकडे फारसे येत नसत. आले तर जिन्यात उभे राहून मोबाईल बघत. बोरसे नावाचे गृहस्थ मात्र बायकोबरोबर थेट खोलीत आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला होते. दोन मुलं झालेली. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "हिचं ऑपरेशन करून टाकायचंय. तारीख द्या."

सुनंदा, त्यांची बायको, खुर्चीच्या कडेवर बसली होती. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. रक्त इतकं कमी होतं की ऑपरेशन बाजूलाच, आधी तिला उभं राहण्याइतकी ताकद देणं भाग होतं. मी तसं सांगितलं. बोरसे अस्वस्थ झाले. "म्हणजे थांबायचं? तोवर काय?"

सिस्टरांनी सुनंदाला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला परत दिवस नकोत," ती म्हणाली. "आणि पोट कापायची भीती वाटते. बाकी हे म्हणतील ते."

मग सिस्टरांनी आपली खुर्ची बोरशांसमोर ओढली. "साहेब, तुमच्या प्लांटात एक लाइन बंद करायचीय. एक व्हॉल्व्ह आत खोल आहे, तिथं पोचायला निम्मं युनिट खोलावं लागतं. दुसरा बाहेरच आहे, हाताला येतो. तुम्ही कुठला बंद कराल?"

"बाहेरचा," बोरसे लगेच म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

सिस्टर अंबाड्यातलं बॉलपेन काढून त्याचं टोपण बघत बसल्या. हळूहळू बोरशांच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि तसाच हळूहळू मावळला.

"माझं म्हणताय?"

"मी कुठं काय म्हटलं? व्हॉल्व्हचं बोलत होते."

बोरशांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. आणि जमिनीलाच विचारलं, "बॉयलरवर काही परिणाम?"

"बॉयलर आहे तसा. टर्बाइन आहे तसं. प्रेशरसुद्धा," सिस्टर म्हणाल्या. "नक्की काय करतात ते मॅडम सांगतील. पण आज हो म्हणायचं नाही. आठ दिवस घरी जाऊन दोघांनी बोला. नको वाटलं तर सांगा, दुसरं पुष्कळ आहे. तोवर हे लिफाफे."

आठ दिवसांनी दोघं आले. बोरशांचा होकार होता, अट एकच, प्लांटात कळता कामा नये. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या सर्जननी दहा-पंधरा मिनिटांत काम केलं. बोरसे चालत घरी गेले. पण पुरुषाच्या या ऑपरेशननंतर लगेच निर्धास्त व्हायचं नसतं. तीन महिने लिफाफे वापरावे लागतात आणि मग वीर्याचा नमुना तपासून शुक्राणू शून्य आलेत याची खात्री करावी लागते. तीन महिने झाले, बोरशांचा पत्ता नाही. फोन केला की मागून पाच-सहा माणसांचा आवाज, आणि बोरसे "नंतर करतो" म्हणून ठेवायचे.

शेवटी सिस्टरांनीच फोन लावला आणि तो त्यांचा जगाला ऐकू जाणारा आवाज लावून म्हणाल्या, "बोरसे साहेब का? तुमचं केवायसी अपूर्ण आहे. स्वतः येऊन पूर्ण करा, नाहीतर व्यवहार चालू ठेवता येणार नाहीत."

पलीकडून बोरशांचा आवाज, "उद्या येतो मॅडम. काय काय आणू?"

"काही आणू नका. इथं डबी मिळेल."

नमुना स्वच्छ आला. सुनंदानं त्या दिवशी पहिल्यांदा सिस्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून बघितलं. पुढच्या वर्षभरात एकलहऱ्याहून तीन माणसं आली. जिना चढून येत, इकडेतिकडे बघत आणि विचारत, "इथं केवायसी करून मिळतं म्हणे?"

एकदा माझाही नंबर लागला. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मी माझ्या मनानंच रोजची गोळी सुरू केली होती. डॉक्टरला कोण विचारणार? एका दुपारी मी दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून बसले होते. सिस्टर आत आल्या.

"डोकं?"

"अर्धं. होतं अधूनमधून."

"दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही चमकतं का? वाकड्यातिकड्या रेघा?"

"हो, थोडा वेळ. मग..." आणि मी बोलायची थांबले. हाच प्रश्न मी रोज गोळी मागणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होते. डोळ्यांसमोर असं चमकून अर्धशिशी उठत असेल तर ही गोळी घ्यायची नाही, मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो, हे मी पाठ म्हणून दाखवत होते. स्वतःला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

सिस्टरांनी माझी पर्स उघडली, पाकीट काढलं, आपल्या कोटाच्या खिशात टाकलं आणि समोर नवा केसपेपर ठेवला. "नाव सांगा," त्या म्हणाल्या. "आणि परवा भाजी कोणती होती?"

मला अर्थातच आठवलं नाही.

हे सगळं वाचून अहिरराव सिस्टर कधी चुकतच नव्हत्या असं वाटेल. तसं नव्हतं. ज्योती नावाची एक मुलगी होती, अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला. आठवड्याला शिफ्ट बदलायची, कधी सकाळची, कधी दुपारची. सिस्टरांनी सगळे प्रश्न विचारले आणि मिनिटभरात निकाल दिला. रतीब बसणार नाही, तिमाहीला सुट्टी मिळणार नाही, हिला भाडेकरूच बरा. ज्योती मान डोलवत होती. मी सगळं समजावलं, तिनं सही केली, मी तांबी बसवली. सगळं व्यवस्थित.

बाराव्या दिवशी ती परत आली. डोळे सुजलेले. तपासलं तर तांबी जागच्या जागी, काही बिघाड नाही.

"सवय होईल ग," सिस्टर म्हणाल्या. "पहिला महिना जाऊ दे."

"मला झोप लागत नाही सिस्टर. आत काहीतरी आहे, ते हलतंय असं वाटत राहतं. कामावर हात चालत नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही मला सगळं विचारलं. माझं कपाट विचारलं, मोबाईल विचारला. मला भीती कशाची वाटते ते नाही विचारलं. आणि आमच्या ह्यांचंही नाही विचारलं. ते ऐकतात माझं. निरोधला कधीच नाही म्हणाले नसते."

मी तांबी काढली. ज्योती लिफाफे घेऊन गेली. कधी फाटला, घसरला तर लगेच यायचं, त्यावरही गोळी असते, हे मी तिला सांगितलं. पुढे ती दोन वर्षं तशीच नियमानं येत राहिली. पण त्या दिवशी सिस्टरांनी जेवणाचा डबा उघडला नाही. दवाखाना रिकामा झाल्यावर त्या बाकावर बसून राहिल्या, ज्या बाकावर त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले.

"नवरा ऐकणारा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही मॅडम," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही कधी काढलं नाही. लग्न झालं तेव्हा त्या दहावी पास होत्या. बाविसाव्या वर्षी पदरात दोन मुलं होती. एके सकाळी मोठे दीर म्हणाले, आज कमलचं ऑपरेशन, गाडी सांगितलीय. नवरा काही बोलला नाही. ऑपरेशनच्या कॅम्पमध्ये कोणी त्यांना काही विचारलं नाही. "नको होतं असंही नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर कदाचित हो म्हटलं असतं मी. फॉर्म भरायला पेन दिरांच्या हातात होतं. त्यांनी माझा अंगठा घेतला. मला सही येत होती मॅडम. अक्षर चांगलं होतं माझं. पण शाईचं पॅड पुढे आलं आणि मी अंगठा लावला."

त्या वर्षीच त्यांनी मुलांना आईकडे ठेवून नर्सिंगचा फॉर्म भरला. तो स्वतःच्या हातानं.

"आणि आज मी त्या पोरीचा अंगठाच घेतला की," त्या म्हणाल्या. "जरा गोड बोलून घेतला, एवढंच."

सही ज्योतीनंच केली होती, समजावण्याचं काम माझं होतं, चूक असलीच तर ती माझीही होती, असं मी काहीतरी म्हणाले. त्यांनी मान हलवली, उठल्या, तोंड धुतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नांत एकाची भर पडली. सगळं विचारून झालं की त्या कागद उलटा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता मी काय म्हणते ते विसर. तुझ्या मनात आधीपासून काय आहे ते सांग." कित्येक बायकांना यावर उत्तर द्यायला फार वेळ लागायचा. बाकावरची माणसं चुळबुळ करायची, मी घड्याळाकडे बघायची. सिस्टर मात्र अंबाड्याशी चाळा करत निवांत बसून राहायच्या. कधीकधी त्या उत्तरानं त्यांचा सगळा हिशेब कोलमडायचा. भाजी नीट आठवणारी बाई सुई मागायची, विसरभोळी बाई गोळीच हवी म्हणून हटून बसायची आणि मोबाईलचा गजर लावून ती नेमानं घ्यायचीही. सिस्टर मला म्हणायच्या, "बघा मॅडम, माझी परीक्षा पद्धत किती भिकार आहे," आणि पुढच्या बाईला पुन्हा भाजीच विचारायच्या.

निवृत्त झाल्यावर त्या नामपूरला भावाकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी भाषण करायला सांगितलं तर म्हणाल्या, भाषण केलं तर खालच्या बँकेतली माणसं वर येतील. त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, तेही माझ्याच गरजेनं. एखाद्या बाईचं काय करावं सुचत नसलं की मी नाव न सांगता तिची हकीकत सांगायची आणि त्या पलीकडून तीन वाकडे प्रश्न विचारायच्या.

मागच्या हिवाळ्यात सटाण्याला एका लग्नाला गेले होते. परतताना गाडी नामपूरला वळवली. घरी त्या नव्हत्या. भावजय म्हणाली, "त्या कुठल्या घरी बसतात? कांद्याच्या शेडकडं गेल्यात, बायांमध्ये."

लाल कांद्याचे दिवस होते. शेडच्या सावलीत आठ-दहा बायका ढिगाभोवती बसून कांदा निवडत होत्या, मोठा एकीकडे, चिंगळी एकीकडे. पण त्या घडीला सगळ्यांचे हात थांबलेले होते. मधे सिस्टर. अंगात कोट नव्हता, बाकी साडी तशीच गडद. त्यांच्या डाव्या हातात उभा चिरलेला अर्धा कांदा होता आणि उजव्या हातानं त्या त्याच्या पोटात काडेपेटीच्या दोन काड्या बसवत होत्या, एक उभी आणि तिच्या डोक्यावर एक आडवी. खालून दोऱ्याचं टोक लोंबत होतं. मी गाडीजवळच उभी राहिले.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबला. त्यातून शेतकरी खाली उतरला, बायकांचा घोळका बघून जवळ आला.

"काय चाललंय वो मावशी?"

सिस्टरांनी मान वर केली. चेहरा तोच, दगडासारखा. "कांदा टिकवायचं शिकवते."

"काडी खुपसून?"

"हां. दहा वर्षं कोंब फुटत नाय."

दोन-तीन बायकांनी तोंडावर पदर घेतला. तो माणूस वाकून त्या कांद्याकडे अगदी मन लावून बघत होता. "मग आमच्या मालालाबी चालंल का? लय पडलाय घरी."

"मालाला नाय चालत," सिस्टर म्हणाल्या. "पण उद्या घरच्या मंडळींना पाठवून द्या. त्यांना सांगते नीट."

"पाठवतो," तो म्हणाला, आणि खरंच समाधानानं पिकअपकडे वळला. त्याची पाठ फिरताच ढिगाभोवतीच्या सगळ्या बायका एकदम फुटल्या. एक तर हसता हसता कांद्यांवर आडवी झाली. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना मी दिसले होते. त्यांनी दुरूनच भुवया उंचावून मला गप्प उभं राहायची खूण केली, कांदा पुन्हा नीट हातात धरला आणि सगळ्यात लहान दिसणाऱ्या मुलीकडे वळून विचारलं, "हां माय. तुले काय वाटस?"